उतरायचं कुठे?

दिल्लीत काय बघायचं यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, अक्षरधाम, जमलं तर ताजमहाल, ही यादी सगळ्यांना पाठ आहे. वाद झाला तो उतरायचं कुठे यावर. गणपतीत सुरू झालेला हा वाद दिवाळीच्या फराळापर्यंत पुरला.

माणसं सोळा. सासूबाई ७८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे. सासरे बोलायला खणखणीत, पण दर दोन तासांनी बाथरूम जवळ लागते. आत्याबाई, थोरले दीर आणि जाऊबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ, नणंद आणि दाजी. मुलं पाच, मोठा इंजिनिअरिंगला, धाकटी अडीच वर्षांची. दिवाळीनंतर दिल्लीची हवा धुरकट असते आणि मे महिन्यात तिथे जाणं ही शिक्षाच, म्हणून नाताळची सुट्टी ठरली. सांगलीहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते, दोन रात्री गाडीत. तिकिटं थोरल्या दिरांनी काढली. राहायचं बघायला मात्र मला सांगितलं, कारण मी बँकेत आहे आणि मला अनोळखी माणसाशी फोनवर हुज्जत घालता येते असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे.

थोरल्या दिरांचं म्हणणं पहाडगंज. ते पूर्वी ऑफिसच्या कामाला जाऊन तिथे राहिले होते. स्टेशनासमोर, स्वस्त, खायला रात्री उशिरापर्यंत मिळतं, आणि कॅनॉट प्लेस चालत. एकट्या माणसाला हे सगळं बरोबर आहे. पण आमची गाडी नवी दिल्ली स्टेशनला जातच नव्हती. शिवाय त्या स्टेशनाचं मेट्रोचं दार अजमेरी गेटच्या बाजूला, म्हणजे पहाडगंजातून सगळे फलाट ओलांडून पलीकडे. नाहीतर मेन बझारच्या दुसऱ्या टोकाला आर. के. आश्रम मार्ग स्टेशन. त्या बाजारातून सासूबाईंना रोज दोनदा चालवणं माझ्या डोळ्यांसमोर येईना. एका हॉटेलवाल्याला सहा खोल्या मागितल्या. तो म्हणाला, तीन पहिल्या मजल्यावर देतो, दोन तिसऱ्यावर, एक चौथ्यावर. लिफ्ट आहे का? "है, पर कभी कभी." हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं, पण फोन मी ठेवला.

धाकटे दीर आयटीत. त्यांना कंपनीच्या दरात एरोसिटीत मोठं हॉटेल मिळत होतं. विमानतळाच्या मेट्रोने नवी दिल्ली स्टेशन वीसेक मिनिटांत. नाश्त्याचे फोटो बघून मुलं त्यांच्या पक्षात गेली. सासूबाईंनी फोटो शांतपणे बघितले आणि विचारलं, "दारात भाजीवाला येतो का तिथं?" त्यांना भाजी घ्यायची नव्हती. खाली उतरल्यावर बघायला काही आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. एरोसिटीत काचेच्या इमारती आहेत. थकलेल्या माणसाने दुपारी दोनला परत यायचं म्हटलं तर दोन गाड्या बदलून यायचं.

दाजींचा कयास वेगळाच. डिसेंबरात राज्याचं हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, म्हणजे मंत्री-आमदार सगळे नागपुरात, मग दिल्लीचं महाराष्ट्र सदन रिकामंच असणार! संसदेचं अधिवेशनही त्याच दिवसांत असतं हे ते सोयीस्कर विसरले होते. कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं सदन २०१३ सालचं, जुनं कोपर्निकस मार्गावर. दोन्ही अगदी मोक्याच्या जागी. पण आमदाराच्या पत्रावर सोळा माणसांची सोय मागायची हिंमत दाजींनाही होईना. सदनात आम्ही पुढे जेवायला जाऊ, असं ठरवून तो विषय संपवला.

शेवटी मी विट्याच्या आमच्या एका मावसदिरांना फोन केला. सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको, पण खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यात शिरा, एखादं विटेकर दुकान सापडतंच. ह्या दिरांचं दुकान चांदणी चौकात, कूचा महाजनीत. त्यांनी रीतीप्रमाणे आधी "घर असताना हॉटेल कशाला, वैनी?" म्हणून घेतलं. दोन खोल्यांच्या घरात सोळा माणसं घालण्याइतकी मी निर्दय नाही, हे त्यांनाही माहीत होतं. मग ते कामाचं बोलले.

"एरिया बघू नका वैनी, मेट्रोची लाईन बघा. तुमच्यातलं कोण गाडी बदलू शकत नाही ते आधी मला सांगा."

सासूबाई, आत्याबाई आणि अडीच वर्षांची पोर, मी म्हटलं.

"मग जांभळ्या लाईनवर उतरा. राजीव चौकाच्या गर्दीत गाडी बदलायची वेळ आली नाही म्हणजे निम्मी दिल्ली जिंकली."

मी नकाशा काढून बसले आणि माणूस किती बरोबर बोलला ते कळलं. काश्मिरी गेटपासून दक्षिणेला येणारी ही लाईन. लाल किल्ला स्टेशन तिच्यावर, जामा मशीद तिच्यावर, राजघाटासाठी दिल्ली गेट, कॅनॉट प्लेससाठी जनपथ, कर्तव्यपथासाठी केंद्रीय सचिवालय. आणखी खाली कालकाजी मंदिर, म्हणजे आत्याबाईंची देवी आणि तिच्या शेजारीच कमळाच्या आकाराचं बहाई मंदिर. आयटीओपासून काश्मिरी गेटपर्यंतचा जुन्या दिल्लीतला तुकडा २०१७ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या प्रवाशांचे सल्ले आपल्याला पहाडगंज-करोलबागेत का नेऊन सोडतात, त्याचं एक कारण हेही असावं. त्या काळी तेच सोयीचं होतं. आता या लाईनीवर निजामुद्दीन स्टेशनाच्या जवळचं ठिकाण कुठलं, एवढंच शोधायचं राहिलं. जंगपुरा.

फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेल्या ज्या वसाहती दिल्लीत आहेत, त्यांतली जंगपुरा एक्स्टेंशन ही एक. आता तिथल्या जुन्या बंगल्यांच्या जागी चार-चार मजली घरं झाली आहेत. दिल्लीकर त्याला बिल्डर फ्लोअर म्हणतात: एक मजला म्हणजे एक अख्खं घर. असे मजले लोक दिवसाच्या भाड्याने देतात. मला हवा होता असाच मजला, कारण हॉटेलबद्दल माझं एक ठाम मत आहे. आमच्या घरातल्या माणसांना हॉटेलच्या खोलीत झोप लागते, पण संध्याकाळ जात नाही. दिवसभर फिरून आल्यावर सगळ्यांना एकत्र बसून तेच तेच पुन्हा बोलायचं असतं. ते एका पलंगावर दहा माणसं बसून होत नाही, आणि कॉरिडॉरमध्ये उभं राहून केलं तर रिसेप्शनवरून फोन येतो.

जाहिरातीत पाच बेडरूम होत्या. मी मालकांना म्हटलं, फोटो नकोत, व्हिडिओ कॉल करा, आणि रस्त्यावरून सुरुवात करून आत या. बिचारे निवृत्त गृहस्थ होते, आले. फाटक, दोन पायऱ्या, चार माणसांची लिफ्ट, हॉल. चौथी बेडरूम झाल्यावर ते जरा थबकले. पाचवी कुठे? मग गच्चीच्या जिन्याने वर गेले आणि नोकरासाठी बांधलेली खोली दाखवली. पत्र्याचं दार, बाहेर संडास. दिल्लीत घराला अशी खोली असतेच, आणि ती मोजण्यात कधी धरतात, कधी धरत नाहीत. ती वजा करून भाडं ठरलं. ते पहाडगंजच्या सहा खोल्यांपेक्षा थोडं जास्त आणि एरोसिटीच्या निम्म्याहून कमी होतं. इंजिनिअरिंगवाल्याने नंतर ती वरची खोली हट्टाने स्वतःसाठी मागून घेतली, हा भाग वेगळा.

आता स्वयंपाकघराचं. "किचनवाली जागा घेतली" म्हटल्यावर पुरुष मंडळी खूश झाली आणि थोरल्या जाऊबाई गप्प झाल्या. दोन दिवसांनी मला एकटीला म्हणाल्या, "सुट्टीला जाऊन पण पोळ्याच लाटायच्या असतील तर मी घरीच बरी." मला हे पूर्ण पटलं. मोठ्या कुटुंबाच्या सहलीत किचन म्हणजे पैशांची बचत, असं जे सांगतात ते बहुधा स्वतः लाटणं हातात घेत नसावेत. म्हणून निघायच्या आधीच, सगळ्यांसमोर, ठरवून टाकलं: घरात फक्त चहा, सकाळचा नाश्ता आणि रात्री एक कुकर. दुपारचं जेवण बाहेर. पोळी नाही. भांडी पुरुषांनी आणि मुलांनी. सासऱ्यांनी "बरं" म्हटल्यामुळे पुढे कुणाला बोलता आलं नाही. भांड्यांसाठी तिथल्या घराच्या केअरटेकरने दुसऱ्या दिवशी एक बाई मिळवून दिली आणि पुरुष सुटले, ते सुटलेच.

धुक्यामुळे गाडी पहाटेऐवजी दुपारी पोचली. हॉटेल असतं तर पहाटेसाठी आदल्या रात्रीचं भाडं भरून ठेवावं लागलं असतं, कारण खोली सहसा दुपारनंतरच ताब्यात देतात. इथे एक फोन केला, काम झालं. निजामुद्दीन ते जंगपुरा जेमतेम दोन-तीन किलोमीटर, पण कॉलनीत शिरायलाच वेळ गेला. दिल्लीच्या वसाहतींना लोखंडी फाटकं असतात. त्यांतली बरीचशी कायम बंद ठेवतात, आणि उघडं कुठलं ते फक्त तिथल्या माणसाला ठाऊक. आमची एक टॅक्सी घराच्या मागच्या गल्लीत उभी, मध्ये कुलूपबंद फाटक, पलीकडे सासूबाई खिडकीतून हात करताहेत. रात्री अकरानंतर तर एकच फाटक उघडं राहायचं. उशिरा येणाऱ्यांनी ते पहिल्या दिवशीच बघून ठेवावं.

आणि मग पाणी. पहिल्या सकाळी साडेसहाला मी उठले तेव्हा तिन्ही गीझर चालू होते. साडेसातला आत्याबाई साबण लावून आत आणि नळाला फक्त हवा. दिल्लीत बऱ्याच ठिकाणी जल बोर्डाचं पाणी सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ येतं. ते खालच्या टाकीत पडतं, मोटर लावून गच्चीवर चढवायचं, आणि प्रत्येक मजल्याची टाकी वेगळी. आमच्या मजल्याची टाकी चार-पाच माणसांच्या हिशेबाची. केअरटेकर धावत वर गेला, मोटर लावली, खाली येऊन हात जोडून म्हणाला, "आंटीजी, बाल्टी से नहाइए. शावर से नहीं." दाराआडून आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय तो?" त्या दिवसापासून धाकट्या दिरांनी आंघोळीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं सकाळी, बाकीचे संध्याकाळी परत आल्यावर. थंडीत हे जमून गेलं.

थंडीचा मात्र आमचा कुणाचाच अंदाज नव्हता. सांगलीत स्वेटर ही हौस असते. दिल्लीतल्या घरांना जाड भिंती नाहीत, भट्टी नाही, फरशी बर्फासारखी. सहा-सात अंशांत रात्री खोलीतला हीटर एक कोपरा तापवतो, इतकंच. रजया आठ होत्या. बाकीच्या मालकांनी भाड्याने मागवल्या, त्याही रात्री नऊला. पायांत मोजे घालून सगळे हॉलमध्ये जमले. सासरे मध्ये बसून मुलांना सांगत होते, की उद्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-खास बघाल, त्याचं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवराव भाऊसाहेबांनी उतरवून फौजेच्या खर्चासाठी वितळवलं. मोठ्या नातवाने मान वर केली. "म्हणजे गलाई तेव्हापासून?" हा हॉल मी भाड्याने घेतला होता तो अशा बोलण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी जंगपुऱ्यात बसून थेट लाल किल्ल्याला उतरलो. मेट्रोचा एक नियम आधीच ठरवला होता: ताटातूट झाली तर पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून पहिल्या डब्यापाशी थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने यायचं, फोन करत कुणी इकडेतिकडे जायचं नाही. अक्षरधामला जाताना मंडी हाउसला गाडी बदलावी लागली आणि नेमके दाजी मागे राहिले. पुढच्या स्टेशनवर पाच मिनिटांत मिळाले. गाडी बदलायचं सगळ्या सहलीतलं एकच ठिकाण होतं ते, तरी एक माणूस राहिलाच. रोज राजीव चौकात बदलायची वेळ आली असती तर काय झालं असतं, हे मला इथे लिहायचंही नाही.

पण लाईनीचा खरा उपयोग दुपारी कळला. लाल किल्ला चालून चालून बघायचा आहे. लाहोरी दरवाजापासून आतल्या महालांपर्यंत जाऊन येईतो सासूबाईंचं त्या दिवसाचं चालणं संपलं. थोरले दीर त्यांना आणि आत्याबाईंना घेऊन मेट्रोने परत फिरले, अर्ध्या-पाऊण तासात घरी. बाकीचे जामा मशिदीकडे आणि चांदणी चौकात मोकळे. विटेकर दिरांनी दुकानात बोलावून सगळ्यांना जिलेबी चारली. संध्याकाळी परत आलो तर सासूबाई झोप काढून, खालच्या पार्कातल्या बाकावर दोन पंजाबी आज्यांशी बोलत बसलेल्या. त्यांना हिंदी येत नाही, आज्यांना मराठी येत नाही, तरी सुनांचा विषय चालला असावा असा मला दाट संशय आहे. हॉटेल गाठायला दोन गाड्या बदलायच्या असत्या, तर त्या दिवशी एकतर सोळाही माणसं दुपारीच परतली असती, नाहीतर सासूबाई संध्याकाळपर्यंत कुठल्यातरी पायरीवर बसून राहिल्या असत्या.

आग्र्याला निम्मेच गेले. निजामुद्दीनहून सकाळी गतिमान एक्सप्रेस सुटते. ताशी १६० किलोमीटरपर्यंत जाणारी ही गाडी २०१६ मध्ये सुरू झाली. ताजमहाल शुक्रवारी बंद, म्हणून ती शुक्रवारी धावत नाही. स्टेशन जवळ असल्याने तरुण मंडळी साडेसहाला उठूनही वेळेत पोचली. धुक्याने पुढे उशीर केला, तो केलाच. सोमवारची गंमत निघण्याआधीच लक्षात ठेवली होती: लाल किल्ला, अक्षरधाम आणि कमळ मंदिर तिन्ही सोमवारी बंद. त्या दिवशी कुतुबमिनार आणि घराजवळचा हुमायूनचा मकबरा केला, त्यासाठी टेम्पो ट्रॅव्हलर सांगितली. कुतुब जांभळ्या लाईनीवर नाही, आणि दिल्लीत रिक्षात तिघंच बसतात. सोळा माणसांना सहा रिक्षा करायच्या आणि त्या सहाही एकाच फाटकाशी पोचवायच्या, त्यापेक्षा गाडी परवडते.

सगळं गोड नव्हतं. चादरी कुणी बदलल्या नाहीत. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा वर आले, दारातले चपलांचे सोळा जोड बघून म्हणाले, "बारात लेके आए हो क्या?" मुलांचं धावणं त्यांच्या डोक्यावर होत होतं, त्यांचं चुकलं नाही. रात्री अकराला चहा प्यायची लहर आली तर कॉलनीत काही उघडं नसतं. पहाडगंजात ते सुख आहे, हे थोरल्या दिरांनी दोनदा ऐकवलं. पैसे फार वाचले असंही नाही. नाश्त्यात वाचले ते टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये गेले.

चार तरुण जाणार असतील तर त्यांनी खुशाल पहाडगंजात राहावं. नवरा-बायको दोघंच असतील आणि पैसे असतील तर एरोसिटीत. घरात गुडघे दुखणारं माणूस आणि कडेवरचं मूल एकाच वेळी असेल, तर मात्र आधी मेट्रोची लाईन ठरवा, मग तिच्यावरचं घर. मालकाशी बोलताना चार गोष्टी विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका: टाकी किती लिटरची, बेडरूम मोजताना गच्चीवरची खोली धरली आहे का, रात्री कुठलं फाटक उघडं असतं, आणि डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर रजया किती.